डावा पाय कराडचा

"आजी, आधी माझे पाय बघ!"

गार्गीनं मला दारातच अडवलं. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा, एस.टी.नं कंबरेचा पार भुगा केलेला, आणि ही पोर उंबऱ्यात दोन्ही पाय पुढे करून उभी. पायात पिवळेधमक रबरी बूट, वरून भोकाभोकांचे.

"घरात बूट घालतात का गं?"

"बूट नाहीत, क्लॉग्ज आहेत. आणि हे चार्म्स. बघ ना!"

मी वाकून बघितलं. उजवा बूट गच्च भरलेला होता. एकेका भोकात एकेक चीज बसवलेली. शेवंतीचं फूल, अर्धं सोललेलं केळं, रिक्षा, पतंग, आणि मधोमध एक इवलंसं घुबड. घुबडाला भुवयासुद्धा होत्या, आणि त्यातली एक जरा वर उचललेली. डावा बूट मात्र अगदी बोडका. टोचून घेतले आणि बाळ्या घालायच्या राहून गेल्या, अशा कानासारखा.

"कुणी केलं हे?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"नाशिकच्या आजीनं! एम-सीलचं आहे. आणि हे लोकरीचं."

"आणि हा डावा असा रिकामा का?"

"तो तुझा आहे," गार्गी म्हणाली. "उजवा नाशिकच्या आजीचा आणि डावा कराडच्या आजीचा."

गार्गी आता कॉलेजात जाते, पायात काय काय घालते ते बघवत नाही. पण त्या दिवशी ते वाक्य ऐकून माझ्या काळजात जे चर्र झालं, ते अजून तसंच्या तसं आठवतं. डावा! मी चार तास उभ्या-बसल्या प्रवास करून आले, आणि माझ्या वाट्याला डावा पाय.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत कुमुदताई बाहेर आल्या. माझ्या मंजिरीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. "या, या विहीणबाई! दमलात ना? बसा, पाणी देते हं." माझ्या लेकीच्या घरात मला पाहुणीसारखं पाणी! मी ते उभ्याउभ्याच प्यायले.

आम्ही दोघी पुण्याला कशासाठी जमलो होतो, ते सांगायला हवं. मंजिरीला कंपनी वर्षभरासाठी जर्मनीला पाठवत होती. जावई हर्षद बोटीवर, तो घरी कमी आणि समुद्रात जास्त. गार्गी तेव्हा पहिलीत जाणार होती. वर्षभर तिला दोघींपैकी एका आजीकडे ठेवायचं ठरलं होतं. कुणाकडे, ते मात्र ठरत नव्हतं. शेवटी मंजिरी फोनवर म्हणाली, "तुम्ही दोघी चार दिवस इकडे येऊन राहा. रविवारी गार्गीलाच विचारू. ती म्हणेल तसं. मग कुणी रुसायचं नाही."

मला ती हवी होती. अगदी सरळ सांगते, हवीच होती. हे गेल्यापासून माझ्या कुकरमध्ये एकच भांडं लागत होतं, तेही अर्धं. कुमुदताईंकडे काय कमी होतं? नवरा होता, धाकटा मुलगा होता, सून होती, वर पिंजऱ्यात बडबडा पोपट होता. मी कराडच्या शाळेत चौकशी करून आले होते. खिडकीशी टेबल मांडून ठेवलं होतं. आणि इथे येऊन बघते तो यांनी पोरीचा एक पाय आधीच काबीज केलेला.

त्यात बाई कार्यानुभवाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या तरी हात काही निवृत्त झाले नव्हते. कागद दिसला की फूल, चिंधी दिसली की बाहुली. मंजिरीच्या लग्नात रुखवत मी मांडलं होतं, सगळं स्वतःच्या हातचं. गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या. आता कुणी करत नाही ही कामं. कणकेची तिळाएवढी गोळी घेऊन ती फणीच्या दातांवर अंगठ्यानं दाबत ओढायची, की रेघारेघांचा इवलासा शिंपला वळून येतो, ती फणुली. खिरीत घालतात. मी परातभर केल्या होत्या, लाल, हिरव्या, पांढऱ्या. कुमुदताईंनी रुखवतापाशी उभं राहून त्या बघितल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, केवढा वेळ घालवलात हो!"

बस्स, एवढंच. ते वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. छान झाल्यात म्हणायला काय जिभेला काटे टोचत होते?

दुपारी जेवण झाल्यावर मी मंजिरीला म्हटलं, "घरात नवी फणी आहे का गं?"

"आता केस विंचरतेस?"

"कणीक विंचरते. तुला काय करायचंय?"

कणीक दुधात घट्ट भिजवली, खायचे रंग घातले आणि गॅलरीत बसून फणुल्या वळायला घेतल्या. खिरीतल्यापेक्षा मोठ्या, पावट्याएवढ्या. ओल्या असतानाच प्रत्येकीला सुईनं आरपार भोकं पाडली. गार्गी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसली होती.

"आजी, हे शंख आहेत?"

"शिंपले. आवडले?"

"घुबड पण करशील?"

"घुबडं करणारी माणसं वेगळी," मी म्हणाले. आतून मंजिरीचा खाकरल्याचा आवाज आला.

रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघी गार्गीच्या दोन बाजूंना. तिनं चमचा डाव्या हातात घेतला, तो मी काढून उजव्या हातात दिला आणि डावा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला. माझी ती सवयच होती. ती माझ्याकडे आली, की पंधरा वेळा मला हे करावं लागायचं.

"आई, ती डावखुरी आहे," मंजिरी म्हणाली.

"मग मी कुठे नाही म्हणते? लिहू दे, चित्रं काढू दे. जेवताना उजवा. उद्या पंगतीत बसली तर लोक आईला नावं ठेवतील, आजीला नाही."

कुमुदताईंनी गार्गीच्या वाटीत तूप वाढलं आणि खाली बघून जेवत राहिल्या. मला वाटलं, बरोबर आहे, वळण लावायचं काम यांच्याच्यानं व्हायचं नाही. घुबडांच्या भुवया वळवतील, पण पोरीला वळण? नाव नको!

अंथरुणावर पडले तरी माझ्या डोक्यात तो डावा पायच. ताटात डावी बाजू कुणाची? चटणीची, मिठाची, लिंबाच्या फोडीची. म्हणजे तोंडी लावण्यापुरती. उजवी बाजू भाजीची, उसळीची, पोट भरायची. देवाला नमस्कार करून फूल वाहायचं उजव्या हातानं. सून घरात येते ती उजव्या पायानं माप ओलांडून. आणि नातीनं मला काय दिलं? शेजारी मंजिरी पुस्तक वाचत होती. तिला म्हटलं, "तुझ्या लेकीनं आत्तापासूनच डावं-उजवं करायला सुरुवात केली हो."

"आई, ती सहा वर्षांची आहे."

"सहा वर्षांचं पोर खोटं बोलत नाही. तेच तर दुःख आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन खाऊन फणुल्या खडखडीत वाळल्या. मी एकेक बुटाच्या भोकावर ठेवली, दोरा आत ओवला आणि आतल्या बाजूनं सदऱ्याचं चपटं बटण लावून गाठ मारली. डावा बूट लाल-हिरव्या शिंपल्यांनी असा काही भरून आला, की घुबडानं बघत राहावं. गार्गी आरशासमोर जाऊन एक पाय उचलून उभी राहिली. मी कुमुदताईंकडे तिरक्या नजरेनं बघितलं. त्यांनी बूट हातात घेतला, चष्मा वर केला, बटण दाबून पाहिलं.

"सुरेख झालंय," म्हणाल्या. मग जरा थांबून, "फक्त... कणीक आहे ना ही? अन्न ते. पायाशी बरं दिसेल का?"

माझ्या तोंडावर कुणी गार पाणी मारावं तसं झालं. मला, आयुष्यभर खाली सांडलेला भाताचा दाणा उचलून डोक्याला लावणाऱ्या बाईला, हे सुचलं नव्हतं! ईर्ष्येच्या भरात मी गव्हाची पायताणं शिवली होती. पण हार मानेल ती मी कसली?

"खायची कुठे आहे ती," मी म्हणाले. "शोभेची आहे."

"हो, ते खरंच. पाण्याचं तेवढं बघा हं. वरून नेलपॉलिशचा हात दिला तर टिकेल."

नेलपॉलिश! फणुल्या मी करायच्या आणि टिकवायच्या यांनी! "काही गरज नाही," मी म्हणाले, आणि बूट गार्गीच्या पायात घातला.

शनिवारी सकाळी माळी सोसायटीच्या बागेत पाइपनं पाणी घालत होता आणि गार्गी चेंडू लाथाडत त्या हिरवळीवरून सुसाट धावत होती. वर आली तेव्हा उजव्या पायातलं घुबड भुवई उडवत होतं आणि डाव्या पायावर लाल-हिरवी खळ झाली होती. बूट मी गॅलरीत वाळत ठेवला, तर तासाभरात मुंग्यांची रांग लागली. गार्गी उकिडवी बसून बोटानं मुंग्या मोजायला लागली. तिला रडू आलं नव्हतं. मला आलं होतं.

"बघू, बघू," कुमुदताई आल्या. त्यांनी बूट नळाखाली धरला, काडीनं भोकं साफ केली, फडक्यानं पुसला. मग उजव्या बुटातलं घुबड अलगद काढून म्हणाल्या, "गार्गी, हे घुबड डाव्यावर लावू का? तेवढाच तोही सजेल."

"नको," गार्गी म्हणाली.

"अगं एकच."

"नको ना! तो कराडच्या आजीचा आहे. रिकामाच राहू दे."

मी गॅलरीच्या कठड्याकडे तोंड फिरवलं. रिकामाच राहू दे! म्हणजे माझं काही नसलं तरी चालतंय. संध्याकाळपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही.

संध्याकाळी मी कांदा चिरत होते. कुमुदताई शेजारी पोळ्यांची कणीक मळत होत्या. मंजिरी गार्गीला घेऊन खाली गेली होती. 

"एक विचारू? राग मानू नका," कुमुदताई म्हणाल्या.

"विचारा."

"तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"कशाचं?"

"त्या डाव्या पायाचं." त्या कणकेवर जरा जास्तच जोर लावत होत्या. "बूट घेतले तेव्हापासून मी तो मागतेय. घुबड मी डाव्यासाठीच केलं होतं. दोन वेळा मोडलं, तिसऱ्यांदा साधलं. तर म्हणाली, तो कराडच्या आजीचा. म्हटलं, एक भोक दे. एकसुद्धा दिलं नाही हो! म्हणे, तू उजव्यात किती घालायचं तितकं घाल."

"मग चांगलंच आहे की. उजवा दिला तुम्हाला."

कुमुदताईंनी कणकेतून हात काढला आणि माझ्याकडे बघितलं. "विहीणबाई, चेंडू कुठल्या पायानं मारते ती? लंगडी कुठल्या पायावर घालते? जिना चढताना आधी कुठला टाकते? तिचा चांगला पाय तो. मी विचारलं ना तिला, असं का? तर म्हणाली, 'हा माझा चांगला पाय आहे, म्हणून तो कराडच्या आजीला.' आणि मला काय, तर उरलेला. त्यात मी पाट्या टाकल्यासारखी केळी नि रिक्षा भरतेय."

त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तो रंग माझ्या चांगल्याच ओळखीचा होता, गेले तीन दिवस मी तोच आरशात बघत होते.

मी तशीच खाली मान घालून कांदा चिरत राहिले. पण खरं सांगते, इतका गोड कांदा मी आयुष्यात चिरला नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठ काही केल्या मिटत नव्हते. मनातल्या मनात मी खिडकीशी मांडलेल्या टेबलावर गार्गीचं दप्तर ठेवलंसुद्धा. कुकरमध्ये दोन भांडी लावली. कुमुदताईंची मला दयासुद्धा आली, जिंकलेल्या माणसाला येते तशी. मी म्हणाले, "तुमचं घुबड फार सुरेख झालंय हो." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या हाताचं कौतुक केलं असेन.

रविवारी सकाळी मंजिरीनं गार्गीला सोफ्यावर बसवलं. आम्ही दोघी समोर, परीक्षेला बसल्यासारख्या.

"गार्गी, मम्मा जर्मनीला गेली की तू कुठल्या आजीकडे राहणार? तुला वाटेल ते सांग. कुणी रागावणार नाही."

गार्गीनं जराही विचार केला नाही. "नाशिकच्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अगं पण," मी म्हणाले, "डावा पाय माझा ना?"

"हो. तुझाच आहे. नाशिकला पण तो तुझाच."

"मग कराडला का नाही येत?"

तिनं डावा हात वर केला, वर्गात उत्तर येत असल्यावर मुलं करतात तसा. "कराडला तू हा हात उचलून मांडीवर ठेवतेस. मग तो सगळं जेवण होईपर्यंत एकटाच बसून राहतो."

 मंजिरी खाली बघत होती. कुमुदताई पंख्याकडे बघत होत्या. त्या गालातल्या गालात जरी हसल्या असत्या तरी मला आधार झाला असता, भांडता तरी आलं असतं. पण बाई पंख्याकडेच बघत राहिल्या.

"बरं," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

आम्हा तिघींची दुपारी निघायची वेळ होती. कुमुदताई गार्गीला घेऊन नाशिकला आणि मी कराडला. मंजिरी दोन दिवसांनी नाशिकला जाऊन लेकीला भेटून मग विमानात बसणार होती. पानं मी घेतली. तीन ताटं नेहमीसारखी वाढली. चौथं घेतलं आणि माझा हात मीठ वाढायला डावीकडे गेला. मागे घेतला. मीठ उजवीकडे वाढलं. लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं उजवीकडे. बटाट्याची भाजी आणि मटकीची उसळ डावीकडे. पाण्याचं भांडंही त्याच हाताला. चाळीस वर्षं वाढपाचं काम केलेल्या हाताला ते इतकं अवघड गेलं, की कोशिंबीर दोनदा सांडली.

कुमुदताई पोळ्यांचा डबा न्यायला आत आल्या. "अहो, हे ताट उलटं वाढलंत. असं तर श्राद्धाच्या..." त्या मध्येच थांबल्या.

"तुम्ही पोळ्या घ्या," मी म्हणाले.

ताट गार्गीपुढे ठेवलं. तिनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डावा हात टेबलाखालून हळूच वर आला, चमच्याशी जाऊन थांबला.

"आजी, आज चालतं?"

"चालतं."

"कराडला पण?"

"कराडला पण."

ती विचारात पडली. माझा घास हातातच राहिला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आता बदलेल, आता म्हणेल.

"मग दिवाळीला येते," गार्गी म्हणाली आणि जेवायला लागली. भराभर जेवली, एक कण न सांडता. उजव्या हातानं जेवताना तिचा अर्धा भात टेबलावर असायचा.

निघायच्या आधी मी डब्यात उरलेली एक फणुली घेतली. लाल. मंजिरीच्या कपाटातून नेलपॉलिश मागून आणलं आणि तिला चांगले दोन हात दिले. कुमुदताईंनी बघितलं, पण चकार शब्द काढला नाही. फुंकर घालून वाळवली, डाव्या बुटाच्या मधल्या भोकात बसवली आणि आतून बटण लावून गाठ आवळली. गार्गी दोन्ही पाय पुढे करून बसली होती. उजवा बूट कुमुदताईंनी तिच्या पायात घातला, डावा मी घातला.

खाली रिक्षा येऊन थांबली होती. कुमुदताई पिशव्या घेऊन बाहेर गेल्या, मंजिरीनं दार धरलं. गार्गी उंबऱ्याशी आली आणि तिनं नेहमीसारखा डावा पाय उचलला.

"अगं अगं, प्रवासाला निघतोय ना," कुमुदताई म्हणाल्या, "उजवा पाय आधी टाक, बाळा."

गार्गी एका पायावर तशीच थांबली. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"टाकू द्या, विहीणबाई," मी म्हणाले. "तिचा उजवा तोच आहे."